लिथियम सापडलं, पण पाणी किती लागलं?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथे रेडरुथ गावाजवळ पूर्वी व्हील क्लिफर्ड नावाची खाण होती. (इथल्या ‘व्हील’चा चाकाशी काही संबंध नाही, कॉर्निश भाषेत खाणीलाच तसं म्हणतात.) या खाणीत १,३५० फुटांवर, म्हणजे चारशे मीटरच्या थोडं खाली, कातळातल्या एका भेगेतून मिनिटाला दीडशे गॅलन पाणी येत असे आणि ते ५० अंश सेल्सिअसला तापलेलं असे. आंघोळीसाठी आपण काढतो त्याहून कढत. हवा कोंडलेली, वाफ साठलेली, हातात घण, आणि शेजारी ही मोरी अखंड वाहतेय. खाणकामगाराला हे पाणी म्हणजे शिक्षा आणि मालकाला ते उपसण्याचा खर्च. ते वर काढायचं आणि सोडून द्यायचं, एवढाच त्याचा उपयोग.

ते पाणी तपासायला लंडनच्या किंग्ज कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम अ‍ॅलन मिलर यांच्याकडे गेलं. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी १८६४ मध्ये बाथ शहरात ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात मिलर यांचे आकडे जाहीर केले. बाथ हे गरम झऱ्यांचंच गाव, त्यामुळे विषयही जागेला साजेसा होता. पाणी आटवल्यावर तळाला जे क्षार उरतात, त्यांत सव्वीसावा हिस्सा लिथियम क्लोराइडचा होता. चोवीस तासांत आठशे पौंड लिथियम क्लोराइड त्या एका भेगेतून बाहेर पडत होतं आणि ओढ्याला मिळत होतं.

मिलर यांना ते ओळखता आलं यामागे त्या काळातलं एक ताजं तंत्र होतं. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाचे दोन कण पडले की ज्योत पिवळी होते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. डाळ उतू गेली की तोच पिवळा भपका दिसतो. तो सोडियमचा रंग. लिथियमची ज्योत गडद किरमिजी असते. पण पाण्यात सोडियम भरमसाट असलं की पिवळ्यापुढे किरमिजी डोळ्यांना दिसतच नाही. १८५९-६० च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किरचॉफ यांनी ज्योतीचा उजेड लोलकातून पाहायची पद्धत बसवली. मग प्रत्येक मूलद्रव्याची रेघ आपापल्या जागी वेगळी उमटू लागली. या पद्धतीने त्यांना १८६० मध्ये सीझियम हे नवं मूलद्रव्य सापडलं तेही ऱ्हाइन खोऱ्यातल्या ड्युर्कहाइम गावच्या खनिज पाण्यातच. आणि मिलर? १८६४ मध्येच ते विल्यम हगिन्स यांच्याबरोबर हीच पद्धत ताऱ्यांच्या उजेडावर वापरत होते. वर तारे आणि खाली खाणीचं पाणी, दोन्हीकडे बघायची रीत एकच. मला या सगळ्या प्रकरणातला हा तपशील सर्वांत जास्त आवडतो.

तेव्हा कॉर्नवॉलमध्ये ‘लिथियम सापडलं’ अशी बातमी आज कोणी पाठवली, तर ती निदान दीडशे वर्षं शिळी आहे. त्या काळी लिथियमला गिऱ्हाईक नव्हतं. गाऊटच्या दुखण्यावर औषध म्हणून थोडंफार जायचं, इतकंच. आता मोबाइलपासून बसपर्यंत सगळ्यांच्या बॅटरीत ते लागतं, म्हणून त्याच परिसरात माणसं पुन्हा पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरताहेत. या फिरण्याला ‘शोध’ म्हणतात खरं, पण लिथियम तिथे आहे की नाही हा त्यातला सोपा भाग आहे.

अवघड भाग मला आमच्या काकांनी फार पूर्वी शिकवला होता, लिथियमचं नावही न घेता.

सांगोल्याकडच्या शेतात त्यांनी बोअर घेतली तेव्हाची गोष्ट. शंभर फूट, दोनशे फूट, नुसता फुफाटा. तीनशेला माती ओली आली, सगळ्यांचे चेहरे उजळले. “काका, पाणी लागलं!” मी ओरडलो. काकांनी मान सुद्धा वळवली नाही. “किती इंच?” एवढंच त्यांनी गाडीवाल्याला विचारलं. गाडीवाला म्हणाला, अर्धा इंच असेल. काका म्हणाले, “मग लागलं कशाला म्हणायचं?”

हा ‘किती इंच’ डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

चहा उतरायला काय लागतं

जमिनीखालच्या पाण्यात लिथियम येतं कुठून? खडकातूनच. पण खडक कोणता, यावर सगळं अवलंबून. कॉर्नवॉलच्या खाली ग्रॅनाइटचा एक अवाढव्य गोळा आहे. साधारण २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी खोलवर वितळलेला खडक हळूहळू थिजून तो तयार झाला. थिजताना ज्या मूलद्रव्यांना नेहमीच्या स्फटिकांत जागा मिळत नाही, ती शेवटपर्यंत उरलेल्या रसात साठत जातात. लिथियम त्यांतलंच. शेवटी ते अभ्रकाच्या पापुद्र्यांत जाऊन बसतं. म्हणून इथल्या ग्रॅनाइटात दर दहा लाख भागांत लिथियमचे काहीशे भाग सापडतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, बेसाल्टात, हाच आकडा पाच-दहाच्या आसपास असतो.

याच ग्रॅनाइटात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचंही प्रमाण बरंच आहे. त्यांचा किरणोत्सर्ग खडकाला आतून तापवत राहतो. इथे जवळपास ज्वालामुखी नाही, तरीही पाच किलोमीटर खाली पारा १८० अंशांच्या आसपास जातो.

आता पावडर आहे, आच आहे, पाणी हवं. पाणी भेगांतून खाली झिरपतं, तापतं, अभ्रकातलं लिथियम सोडवून घेतं. कोमट पाण्यात चहा उतरत नाही आणि घाईत तर नाहीच. इथे पाणी खडकाला धरून किती काळ मुरतं याचा हिशोब पिढ्यांत करायचा नाही, भूशास्त्राच्या काळात करायचा. शिवाय चहाची चव नुसती पावडरीवर ठरत नाही, तिच्यात वरून गार पाणी किती पडलं यावरही ठरते. व्हील क्लिफर्डच्या आठशे पौंडांचा आणि दीडशे गॅलनांचा हिशोब मी मांडून पाहिला. लिटरमागे साधारण ६० मिलिग्रॅम लिथियम येतं. त्याच परिसरात युनायटेड डाउन्स इथे खूप खोल गेलेल्या बोअरच्या पाण्यात २०२० मध्ये लिटरमागे २२० मिलिग्रॅमच्या वर लिथियम मोजलं गेलं. वरच्या थरांत पावसाचं ताजं पाणी मिसळून अर्क पातळ होतो, खाली तो दाट राहतो, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

समुद्राच्या पाण्यातही लिथियम असतंच, पण लिटरमागे ०.१७ मिलिग्रॅम. चिलीतल्या अटाकामाच्या मिठागरांखालच्या पाण्यात ते हजार मिलिग्रॅमच्या वर जातं. तिथे ते पाणी उघड्या तळ्यांत सोडून वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवतात. कॉर्नवॉलच्या पावसात हे शक्य नाही, हे सांगायला नको.

जुने नकाशे आणि नकोशा भेगा

मग बोअर मारायची कुठे? आपल्याकडे पाणाड्या येतो, हातात नारळ किंवा कडुलिंबाची दुबेळकी काठी. कॉर्नवॉलवाल्यांकडे त्याहून भरवशाचं काहीतरी होतं: दोन-तीनशे वर्षांच्या खाणींचे नकाशे.

तिथली तांब्या-कथलाची शिर ढोबळमानाने पूर्व-पश्चिम धावते. तिला आडव्या, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या भेगा छेदतात. खाणवाल्यांच्या भाषेत त्या ‘क्रॉस-कोर्स’. माणूस शिर धरून खणत खणत पुढे जायचा आणि अशी आडवी भेग आली की शिर अचानक गायब. चार हात बाजूला सरकलेली. वर भेगेतून पाण्याचा लोंढा. त्यामुळे या भेगा त्यांना नकोशा असत आणि नकोशा म्हणूनच त्यांनी त्या नकाशांवर काळजीपूर्वक मांडून ठेवल्या. कुठे लागली, किती रुंद, पाणी किती, गरम की गार. २०१६ मध्ये सुरू झालेल्या कॉर्निश लिथियम या कंपनीने पहिलं मोठं काम केलं ते जुने कागद धुंडाळून संगणकावर चढवण्याचं. पूर्वजांनी जिथे शिव्या घातल्या, तिथे आता खूण करायची.

कारण ग्रॅनाइट हा मुळात ठोस दगड. वाळूच्या थरासारखं त्याच्या पोटात पाणी साठत नाही. पाणी असतं ते भेगांतच. मुंबईतल्या भिंतीला ओल कुठून येते हे शोधताना प्लंबर जसा जोड शोधतो, तसं इथे मोठा भ्रंश शोधावा लागतो, म्हणजे जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासून जिथे कातळ चुरला आहे अशी जागा. पोर्थटोवन भ्रंश हा असाच एक. युनायटेड डाउन्सची मुख्य विहीर मुद्दाम तिरकी नेऊन त्याच्यात उतरवली. २०१८-१९ मध्ये खणलेल्या या विहिरीची लांबी ५,२७५ मीटर आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरचं. तीन कळसूबाई एकावर एक ठेवून उलटे केले तरी तळ गाठायला थोडं कमीच पडेल. जोडीला दुसरी विहीर, २,३९३ मीटरची. खणण्याचा मूळ हेतू वीज आणि उष्णता हा होता.

इतकं खोल खणण्याआधी वरच्या पाण्यावरून खालचा अंदाज घ्यायची एक सुंदर युक्ती आहे. पाण्यात विरघळलेल्या सिलिकाचं प्रमाण, किंवा सोडियम आणि लिथियमचं एकमेकांशी असलेलं प्रमाण, हे पाणी खाली किती तापलं होतं त्यावर ठरतं. पाणी वर येताना गार झालं तरी हे प्रमाण पटकन बदलत नाही. थंड झालेल्या भाजीवरूनही ती कुकरमध्ये शिजली की कढईत, हे जाणत्या बाईला कळतं, तसं. म्हणून कोमट झऱ्याच्या बाटलीभर पाण्यावरून ‘खाली कुठेतरी दीडशे अंश असावेत’ असं म्हणता येतं.

बाटली भरणं हे मात्र वाटतं तितकं सोपं नसतं. बोअर खणताना आत सोडलेलं पाणी आणि चिखल भेगांत शिरलेला असतो. सुरुवातीला वर येतं ते आपणच ओतलेलं. ते निघून जाईपर्यंत उपसत राहावं लागतं. खरं पाणी आलं की तेही लहरी. कढत असताना नितळ दिसणारं पाणी बाटलीत गार झालं की तळाला साका धरतं, आणि त्या साक्याबरोबर मोजायच्या गोष्टीही खाली बसू शकतात. म्हणून जागेवरच गाळायचं, आम्लाचे थेंब टाकायचे, झाकण घट्ट लावायचं. पत्रकात छापून येणारा आकडा अशा बाटलीतून निघालेला असतो, आणि ती कशी भरली हे पत्रकात क्वचितच असतं.

काकांचा प्रश्न

समजा बाटली चांगली भरली आणि आकडा आला २५० मिलिग्रॅम. बातमी होते. आता काका विचारणार, किती इंच?

मोठ्या इलेक्ट्रिक मोटारीच्या बॅटरीत ढोबळमानाने ८ किलो लिथियम असतं असं धरू. लिटरमागे पाव ग्रॅम, म्हणजे एका मोटारीला ३२ हजार लिटर पाणी लागलं. दहा हजार लिटरवाले तीन टँकर आणि वर थोडं. (एकही मिलिग्रॅम वाया गेला नाही असं समजून.) बोअर जर सेकंदाला पन्नास लिटर देत असेल, म्हणजे दोनशे लिटरचं पिंप चार सेकंदांत भरत असेल, तर हे पाणी अकरा मिनिटांत वर येतं. दिवसाला एक हजार ८० किलो लिथियम. नव्वद टक्के हाती लागलं आणि दुरुस्त्या वगळून वर्षाचे ३३० दिवस पंप चालला, तर वर्षाला सव्वातीनशे टनांच्या जरा आत. बाजारात लिथियम मोजतात ते बहुधा कार्बोनेटच्या रूपात. त्यासाठी या आकड्याला ५.३ ने गुणायचं, म्हणजे साधारण सतराशे टन.

आता तेच पाणी, तेच २५० मिलिग्रॅम, पण भेग कंजूष निघाली आणि सेकंदाला अर्धाच लिटर आला. मग त्याच एका मोटारीला पावणेअठरा तास. वर्षाला सतरा टन कार्बोनेट. पाच किलोमीटर खणण्याचा खर्च मात्र तेवढाच. बाटलीतला आकडा दोन्हीकडे सारखा आहे, बातमीही सारखीच छापून आली असती. म्हणून मिलिग्रॅम आणि लिटर हे दोन्ही आकडे एकत्र सांगितल्याशिवाय ‘साठा सापडला’ हे वाक्य माझ्या लेखी अर्धवट आहे. आणि लिटरचा आकडा बाटलीतून मिळत नाही; तो आठवडे-महिने पंप चालवून, शेजारच्या बोअरची पातळी किती उतरते ते बघतच मिळतो.

तांदूळ निवडणं

पाणी आलं, भरपूर आलं. त्यातून लिथियम वेचायचं कसं?

युनायटेड डाउन्सच्या पाण्यात एकूण विरघळलेले पदार्थ लिटरमागे साडेएकोणतीस ग्रॅमच्या आत निघाले. त्यांत लिथियम पाव ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे सुपातले सव्वाशे-दीडशे दाणे बाजूला सारले की आपला एक. बाकीचे बहुतेक मिठाचे. कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी सरोवराखाली लिथियम साधारण तितकंच, लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या घरात, पण ते पाणी इतकं दाट की लिटरमागे अडीचशे ग्रॅम आणि त्याहूनही जास्त क्षार. तिथे हजार-बाराशे दाण्यांमागे एक आपला. लिथियम तेवढंच, पण निवडणाऱ्याच्या डोळ्यांचं पाणी आठपट.

निवडायला वापरतात ते बारीक मणी. एक प्रकार अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगाचा: त्याच्या आत पानांसारखे थर, आणि थरांमधल्या पोकळ्या अशा मापाच्या की लिथियम नेमकं बसावं, सोडियम-पोटॅशियम बाहेर राहावं. खारं गरम पाणी मण्यांतून जाऊ द्यायचं, लिथियम आत अडकतं. मग गोडं पाणी सोडायचं, ते सुटून येतं. तळी नकोत, वर्षभर थांबणं नको, काही तासांचं काम. अर्जेंटिनातल्या एका मिठागरावर या पद्धतीचा एक अवतार १९९० च्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे, त्यामुळे ही सगळी नवलाई कालपरवाची आहे असंही नाही. निवडताना सर्वांत त्रास देतं ते मॅग्नेशियम, कारण त्याचा आयन लिथियमच्याच मापाचा. जुळ्या भावंडांपैकी एकालाच हाक मारण्यासारखं ते काम. कॉर्नवॉलच्या पाण्यात मॅग्नेशियम लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्याही खाली आहे आणि तिथल्या लोकांना लिथियमच्या आकड्याइतकाच या आकड्याचा आनंद झाला असणार.

सॉल्टन सीच्या पाण्याची एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून ‘दाट पाणी’ म्हणजे काय ते कळत नाही. १९६० च्या दशकात तिथे एक खोल विहीर खणली. खाली तापमान तीनशे अंशांच्या वर. तीन महिने पाणी वाहू दिलं, तर पाइपांच्या आत काही टन काळी खपली चढली. गिझरच्या कॉइलवर धरते तशीच. ती खरवडून तपासली, तर तिच्यात सुमारे वीस टक्के तांबं, शिवाय चांदी. पृथ्वीच्या पोटात धातूची शिर कशी तयार होते हे लोखंडी पाइपात डोळ्यांसमोर दिसत होतं. भूशास्त्रज्ञ हरखले, पण वीज बनवायला आलेल्यांनी डोक्याला हात लावला, कारण पाइप बुजत होते. त्या खपलीवर मात करून तिथे आज जमिनीखालच्या उष्णतेवर सुमारे चारशे मेगावॅट वीज बनते. लिथियम वेचायचे प्रयोगही बरीच वर्षं चालू आहेत आणि त्यांत एखादी कंपनी बुडालेलीही आहे.

जमीन हलते का

हलते, कधीकधी. वापरलेलं पाणी परत खाली दाबावं लागतं, आणि भ्रंशात पाण्याचा दाब वाढला की आधीपासून ताणलेले दोन तुकडे सरकू शकतात. ऱ्हाइन खोऱ्याचा अनुभव यात सर्वांत बोलका आहे. तिथल्या पाण्यातही लिटरमागे दीडशे-दोनशे मिलिग्रॅम लिथियम आहे आणि जर्मनी-फ्रान्स दोघांचे प्रकल्प तिथे आहेत. स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये २००६ साली ३.४ तीव्रतेचा धक्का बसला, जर्मनीतल्या लँडाउमध्ये २००९ साली २.७ चा. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या उत्तरेला २०२० च्या डिसेंबरात साडेतीनच्या आसपासचा धक्का बसल्यावर प्रकल्पच थांबवला. युनायटेड डाउन्सच्या चाचण्यांतही लहान धक्के नोंदले गेले. आकडे लहान वाटतात, पण भिंतीला तडा गेलेल्या माणसाला रिश्टरची कोष्टकं ऐकवून उपयोग नसतो. धरणाच्या पाण्याने भ्रंश जागा होऊ शकतो हे पाटणच्या माणसाला समजवावं लागणार नाही. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट त्या भागात अजून सांगितली जाते. कोयनेचा धक्का सहाच्या वरचा, म्हणजे या युरोपीय धक्क्यांच्या कितीतरी हजारपट ऊर्जेचा. दोन्ही एका मापाने तोलायचे नाहीत, तरी जमिनीखालची यंत्रणा नात्यातलीच.

तुरळच्या कुंडात काय आहे?

हा लेख लिहितोय म्हटल्यावर संगमेश्वरकडच्या एका मित्राने लगेच विचारलं, “मग आमच्या तुरळच्या कुंडाचं काय?” प्रश्न रास्त आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, थेट राजापूरपर्यंत, गरम पाण्याची कुंडं कोकणात जवळपास एका रेषेत आहेत, तीनशे किलोमीटरहून लांब. ही रेष योगायोगाची नाही. किनाऱ्याला समांतर खोल भेगा आहेत आणि त्यांतून पाणी खाली जाऊन तापून वर येतं.

पण पावडर कुठली, ते आठवा. वरचा जाड थर बेसाल्टचा, त्यात लिथियम मुळातच तुटपुंजं. बेसाल्टखाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे हे खरं. कोयनेजवळ भूकंप अभ्यासण्यासाठी जी तीन किलोमीटरची बोअर घेतली, तिच्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर तो लागला. मात्र प्रत्येक ग्रॅनाइट कॉर्नवॉलचा नसतो. शेवटच्या उरल्यासुरल्या रसातून थिजलेला, लिथियम पोटात धरून बसलेला ग्रॅनाइट हा त्यांतला क्वचित सापडणारा प्रकार. भारतात या बाबतीत जास्त बोलबाला आहे तो लडाखमधल्या पुगा खोऱ्याचा. तिथे हिमालयाचे तरुण ग्रॅनाइट आहेत, पाणी उकळत वर येतं, पूर्वी तिथून टाकणखार काढत असत. तिथल्या पाण्यात लिथियम आहे, पण लिटरमागे मोजकेच मिलिग्रॅम. आणि जम्मूतल्या रियासीच्या ज्या लिथियमचा २०२३ मध्ये गाजावाजा झाला, ते तर पाण्यातलं नव्हेच, खडक-मातीतलं आहे. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. तेव्हा मित्राला सांगितलं, तुरळला जा, आंघोळ कर, पाठदुखीला बरं वाटेल.

युनायटेड डाउन्सच्या त्या दोन विहिरींकडे पुन्हा येतो, कारण मला पडलेला खरा प्रश्न तिथलाच आहे. मोठ्या विहिरीतून पाणी वर घ्यायचं, उष्णता काढायची, लिथियम काढायचं आणि निवलेलं पाणी लहान विहिरीतून परत सोडायचं. ते भ्रंशातून झिरपत अडीच-तीन किलोमीटर खाली जाणार आणि वाटेत पुन्हा तापणार. तापायला त्याला फार काळ लागू नये, खडक भरपूर गरम आहे. पण लिथियम? तेवढ्या वाटेत ते अभ्रकातून पुन्हा उतरेल का, की वर्षागणिक अर्क पातळ होत जाईल, दुसऱ्या उकळीच्या चहासारखा? पहिल्या दिवशीच्या बाटलीत याचं उत्तर नसतं. पाचव्या, दहाव्या, विसाव्या वर्षीच्या बाटल्या शेजारी ठेवाव्या लागतील.